निजामी मुलूख आणि पडद्यावरचे गाव : श्याम बेनेगल यांच्या चित्रपटांविषयी

श्याम बेनेगल यांच्या चित्रपटांचा विचार मराठीत बहुधा दोन खणांत विभागून केला जातो. 'भूमिका' आणि 'कोंडुरा' हे मराठी पुस्तकांवरून घेतलेले, म्हणून मराठी वाचकाच्या जिव्हाळ्याचे. 'अंकुर' आणि 'निशांत' हे तेलंगणातील सरंजामशाहीचे, म्हणून समांतर हिंदी चित्रपटाच्या इतिहासात जमा करण्याचे. नांदेड-लातूरकडून पाहणाऱ्याला ही विभागणी सहजासहजी मान्य करता येत नाही. ज्या मुलखाला या चित्रपटांत तेलंगण म्हटले जाते तो आणि मराठवाडा १९४८ पर्यंत एकाच राज्यात, एकाच महसुली व्यवस्थेत आणि एकाच भीतीखाली नांदत होते. आजच्या लातूर जिल्ह्यातील उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यात होते. त्याच वर्षीच्या राज्यपुनर्रचनेत मुधोळ तालुका नांदेडमधून निघून आंध्र प्रदेशात गेला आणि आदिलाबादचा किनवट नांदेडला आला. अशा ठिकाणी 'तेलंगणातील गाव' ही फार दूरची गोष्ट नसते. 'देशमुख' हा शब्द तर मुळातच सीमा न मानणारा आहे. तेलंगणातील ज्या जमीनदारांविरुद्ध १९४६ नंतर सशस्त्र उठाव झाला त्यांतील अनेक तेलुगू रेड्डी होते आणि तरी त्यांची उपाधी देशमुख हीच होती.

या दृष्टीने पाहिल्यास बेनेगल यांच्या आरंभीच्या चित्रपटांचे एक वेगळे वाचन शक्य होते, आणि त्या वाचनात केवळ आदराने भागत नाही. मराठवाड्याने जे प्रत्यक्ष भोगले त्यातले किती या चित्रपटांत आले, किती आले नाही आणि जे आले नाही ते का आले नाही, हे विचारावे लागते.

बेनेगल यांचा जन्म १४ डिसेंबर १९३४ चा, सिकंदराबादच्या तिरुमलगिरी छावणीभागातला. घर कोकणी बोलणारे, वडील छायाचित्रणाच्या व्यवसायातले, भोवती उर्दू, तेलुगू आणि छावणीतली इंग्रजी. पोलीस कारवाई झाली तेव्हा ते तेरा वर्षांचे होते. एखाद्या राजवटीचा अस्त तिच्या उंबरठ्यावर उभे राहून पाहण्याचे हे वय आहे, आणि पुढे त्यांच्या सगळ्या चांगल्या चित्रपटांत सत्ता कोणीतरी अशाच अंतरावरून, दाराआडून किंवा खिडकीतून पाहत असते. निजाम कॉलेजातील शिक्षण, हैदराबादेतील फिल्म सोसायटीची उभारणी, १९५९ नंतर मुंबईतील जाहिरातसंस्थेत लेखन, पुढे शेकड्यांनी जाहिरातपट आणि माहितीपट, पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधील अध्यापन, होमी भाभा शिष्यवृत्तीच्या काळात अमेरिकेत मुलांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमांचा अनुभव, असा हा प्रवास आहे. पहिला कथापट हाती आला तेव्हा चाळिशी जवळ आली होती. 'अंकुर'चे बीज महाविद्यालयीन दिवसांतले. ते पडद्यावर येण्यास दशकाहून अधिक काळ लागला. जाहिरातपटाने त्यांना काटकसर शिकवली असे म्हटले जाते. ते खरे असेल. परंतु त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की ग्राहकाचे पैसे घेऊन गावोगाव हिंडणाऱ्या या कॅमेऱ्याला ग्रामीण भारत 'निसर्गरम्य' वाटेनासा झाला होता.

'अंकुर' (१९७४) या चित्रपटाचा विचार भाषेपासून सुरू करणे इष्ट ठरेल. तोवर हिंदी चित्रपटात हैदराबादी बोली हशा पिकवण्यासाठी येत असे. 'गुमनाम'मधला मेहमूद हे तिचे सर्वपरिचित रूप. सत्यदेव दुबे यांनी लिहिलेल्या 'अंकुर'च्या संवादांत हीच बोली माणसे गंभीरपणे, भीतीने, लाजेने आणि संतापाने बोलू लागली. मराठी प्रेक्षकासाठी या घटनेला आणखी एक पदर आहे. दखनीतला 'नक्को' मराठीतून गेलेला आहे, आणि शब्दाला चिकटून जोर देणारा 'च'ही मराठीतलाच आहे. नांदेडच्या बाजारात हे दोन्ही आजही दोन्हीकडून ऐकू येतात. म्हणजे 'अंकुर'मधील लक्ष्मी ज्या हिंदीत बोलते तिच्या खाली मराठीचा एक थर आहे आणि तो कोणी मुद्दाम अंथरलेला नाही. तो त्या राज्याच्या इतिहासाने घातलेला आहे. प्रमाण हिंदीच्या प्रेक्षकाला जी बोली विचित्र वाटते ती इथल्या माणसाला शेजारणीसारखी वाटते. चित्रपटाच्या आस्वादात हा फरक किरकोळ नाही.

कथानक सर्वांना ठाऊक आहे. जमीनदाराचा शिकलेला मुलगा सूर्या गावच्या शेतावर राहायला येतो. दलित स्त्री लक्ष्मी त्याच्या घरी कामाला आहे. तिचा नवरा किष्टय्या मुका-बहिरा कुंभार, ॲल्युमिनियमच्या भांड्यांनी ज्याचे चाक थांबवले आणि ज्याला दारूला लावले. सूर्या तिच्या हातचे जेवतो. जात न मानण्याचा हा आविर्भाव चित्रपटात फार बारकाईने तपासला गेला आहे. तिच्या हातचे अन्न चालते, तिचे शरीर चालते, तिच्या पोटातले मूल मात्र चालत नाही. म्हाताऱ्या जमीनदाराने आपल्या रखेलीला जमीन तरी दिली होती. मुलाला तेवढाही जुन्या पद्धतीचा शब्द पाळता येत नाही. नव्या शिक्षणाने सरंजामी मनातली हाव तशीच ठेवली आणि तिच्याबरोबर येणारी जबाबदारी तेवढी काढून घेतली, हे निदान १९७४ मध्ये धाडसाचे होते. शेवटी किष्टय्या काम मागायला येतो आणि सूर्या त्याला सूड घ्यायला आलेला समजून चाबकाने मारतो. भीती मारणाऱ्याच्या मनात आहे, मार खाणाऱ्याच्या मनात तिचा मागमूसही नाही. त्या क्षणाची ताकद या विसंगतीत आहे. पोराने खिडकीवर भिरकावलेल्या दगडाविषयी इतके लिहिले गेले आहे की आता त्याची चर्चा टाळलेली बरी. तो दगड नसता तरी चित्रपट पुरा झाला असता.

'निशांत' (१९७५) ही अधिक महत्त्वाकांक्षी आणि म्हणूनच अधिक वादयोग्य कृती आहे. पटकथा विजय तेंडुलकर यांची, संवाद दुबे यांचे, छायाचित्रण गोविंद निहलानी यांचे. ही मंडळी एकाएकी जमलेली नव्हती. 'शांतता! कोर्ट चालू आहे' या नाटकावरून दुबे यांनी १९७१ मध्ये मराठी चित्रपट केला तेव्हा लेखक तेंडुलकर आणि कॅमेऱ्यामागे निहलानी हेच होते. अमरीश पुरी हेही त्याच वर्तुळातले. मोहन आगाशे 'घाशीराम कोतवाल'मधून आलेले. स्मिता पाटील मुंबई दूरदर्शनच्या मराठी बातम्यांतून. म्हणजे हैदराबादी मुलखाच्या या चित्रपटाची कारागिरी मोठ्या प्रमाणात मुंबई-पुण्याच्या मराठी रंगभूमीची आहे. विषय एका मराठीचा आणि हात दुसऱ्या मराठीचे, अशी ही गंमत आहे. पहिल्या मराठीला, म्हणजे मराठवाड्याच्या मराठीला, या व्यवहारात कोणी काही विचारले नाही.

चित्रपट काळ सांगतो : १९४५. चार भावांचा वाडा. थोरला अण्णा, मधले दोघे माजलेले, धाकटा विश्वम भित्रा. देवीचे दागिने वाड्यातल्यांनीच चोरले हे पुजाऱ्याला कळते आणि तो गप्प राहतो. नव्याने आलेल्या शाळामास्तरची बायको सुशीला घरातून उचलून नेली जाते. गाव दारे लावून घेते. मास्तर पोलीस पटेल, वकील, कलेक्टर असे सगळे दरवाजे झिजवतो. पुढे देवळात तिची त्याची गाठ पडते तेव्हा ती त्याच्याच नामर्दपणाचा हिशेब मांडते, आणि इथे तेंडुलकरांची लेखणी आपले खरे बळ दाखवते. वाड्यात सुशीला हळूहळू स्वतःची वेगळी चूल मागते, जागा मिळवते. विश्वमची बायको रुक्मिणी तिच्याकडे आधी वैरीण म्हणून आणि मग वेगळ्याच नजरेने पाहू लागते. अत्याचार झालेली स्त्री म्हणजे नुसती जखम, हे समीकरण इथे मोडले आहे. शबाना आझमी आणि स्मिता पाटील यांच्यातले निःशब्द प्रसंग हा या चित्रपटाचा सर्वांत टिकाऊ भाग आहे.

अडचण दुसरीकडे आहे. चित्रपट १९४५ ही तारीख सांगतो, परंतु त्या तारखेचा इतिहास सांगत नाही. हैदराबाद स्टेट काँग्रेसवर १९३८ पासून बंदी होती आणि ती १९४६ पर्यंत उठली नाही. तेलंगणात आंध्र महासभा वेठबिगारीविरुद्ध गावे संघटित करत होती. मराठवाड्यात तर शाळामास्तर हाच चळवळीचा कणा होता. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा आणि अंबाजोगाईची योगेश्वरी यांतूनच स्वामी रामानंद तीर्थ हे मुख्याध्यापक राज्याच्या राजकारणात गेले, आणि त्यांच्यामागून शिक्षक व विद्यार्थी तुरुंगात गेले. 'निशांत'मधल्या मास्तरला यातले काहीच ठाऊक नाही. त्याच्या गावात निजाम नाही, पक्ष नाही, वर्तमानपत्र नाही. जो उठाव होतो तो पुजारी आणि मास्तर यांच्या गुपचूप प्रचारातून होतो. त्याला मुहूर्त देवळाच्या उत्सवाचा लाभतो.

हे वगळणे अपघाती मानता येत नाही, कारण त्याच सुमारास त्याच लेखकाने वेगळे करून दाखवले होते. जब्बार पटेल यांचा 'सामना'ही १९७५ चाच, पटकथा तेंडुलकरांचीच, आणि त्यातही मध्यभागी एक मास्तर आहे. 'सामना'मधली सत्ता कशी चालते हे प्रेक्षकाला नेमके कळते : साखर कारखाना, सहकार, गावातली माणसे पोसणे, आणि मारुती कांबळे या एका नाहीशा झालेल्या माणसाविषयी कोणी विचारू नये अशी तजवीज. पश्चिम महाराष्ट्राच्या सत्तेची यंत्रणा तेंडुलकरांनी वृत्तपत्रीय तपशिलासह ओळखली होती. निजामी मुलखाची सत्ता मात्र त्यांनी एका रूपकात बसवली. त्या वर्षांत ते हिंसेच्या स्वरूपाचा अभ्यास करत होते, आणि 'निशांत' त्या अभ्यासातला एक दाखला झाला : दाबलेली माणसे उसळतात, उसळल्यावर दोषी आणि निर्दोष यांत भेद करत नाहीत. शेवटी जमाव रुक्मिणीलाही मारतो, आणि पळालेल्या सुशीला-विश्वमलाही टेकडीवर गाठतो. हा शेवट प्रामाणिक आहे. क्रांतीचे गोड चित्र काढण्याचा मोह त्यात नाही. पण त्यातून हिंसा माणसाच्या स्वभावाची गोष्ट ठरते, इतिहासाची राहत नाही. तुलनेसाठी गौतम घोष यांचा 'मा भूमी' (१९७९) पाहता येईल. कृष्णचंदर यांच्या 'जब खेत जागे'वरून घेतलेल्या त्या तेलुगू चित्रपटात हाच मुलूख संघटनेसह, गाण्यांसह आणि पराभवासह येतो. कलाकृती म्हणून तो 'निशांत'इतका रेखीव नसेल, परंतु त्यातल्या शेतकऱ्याला आपण कोणाविरुद्ध आणि कोणाबरोबर लढतो हे माहीत आहे.

या मुद्द्याला मराठवाड्यात केवळ ऐतिहासिक अचूकतेपुरते महत्त्व नाही. 'निशांत'मधील गाव वाड्याविरुद्ध एक होते. गावाच्या आत दुसरी भिंत आहे असे त्यात जाणवत नाही. चित्रपट येऊन तीन वर्षे होतात न होतात तोच, १९७८ च्या जुलै-ऑगस्टमध्ये, विद्यापीठाच्या नामांतराच्या ठरावानंतर नांदेड आणि परभणी जिल्ह्यांतील गावे खरोखरच उठली. ती वाड्यावर चालून गेली नाहीत, दलितवस्तीवर चालून गेली. घरे जळाली, माणसे मारली गेली. ज्यांनी तो उन्हाळा-पावसाळा पाहिला त्यांना 'गाव एक झाले' हे वाक्य पुन्हा कधी निर्भेळ आशेने ऐकता आलेले नाही. 'निशांत'चा जमाव म्हणून इथे दोनदा भीतीदायक वाटतो : एकदा तो रुक्मिणीला मारतो म्हणून, आणि दुसऱ्यांदा तो कोणाचा बनलेला आहे हे चित्रपट विचारत नाही म्हणून. 'अंकुर'मध्ये हा प्रश्न होता. तिथे लक्ष्मीची जात कथेच्या मुळाशी होती, आणि किष्टय्याची गाढवावरून धिंड निघते तेव्हा पाहणारे गावही पडद्यावर होते. एका वर्षात दिग्दर्शकाची नजर इतकी का बदलावी, याचे एक उत्तर पटकथेत सापडते. सगळे उत्तर तिथे नाही.

बेनेगल यांच्याविषयी न्याय करायचा तर 'मंथन'कडे (१९७६) वळले पाहिजे. पुन्हा तेंडुलकर, या वेळी गुजरातची दूध सहकारी संस्था, आणि पाच लाख शेतकऱ्यांनी दिलेल्या दोन-दोन रुपयांचे भांडवल. प्रचारपट होण्याची सगळी सामग्री असूनही या चित्रपटाचा मध्यबिंदू संस्थेची निवडणूक हा आहे : दलितांचा उमेदवार सरपंचाला हरवतो आणि त्याबरोबर गावाची एकी हे मिथक फुटते. नसीरुद्दीन शाह यांचा भोला शहरी डॉक्टरवर शेवटपर्यंत पुरता विश्वास ठेवत नाही, आणि चित्रपट त्याच्या अविश्वासाला दोष देत नाही. 'निशांत'ची दुरुस्ती बेनेगल यांनी स्वतःच, वर्षभरात, दुसऱ्या मुलखात जाऊन केली असे म्हणता येईल. ती निजामी मुलखात राहून झाली असती तर मराठवाड्याला अधिक उपयोगाची ठरली असती, एवढीच तक्रार उरते.

मराठी पुस्तकांवरील दोन चित्रपटांत 'भूमिका' (१९७७) उजवा आहे यात शंका नाही. हंसा वाडकर यांचे 'सांगत्ये ऐका' अरुण साधू यांनी शब्दांकित केलेले. बोलता बोलता जुन्या दुःखावरून पुढे निघून जाणाऱ्या बाईचा तो आवाज आहे. बेनेगल, दुबे आणि गिरीश कर्नाड यांनी त्या आवाजाची नक्कल न करता त्याची संरचना बदलली. उषाचे वर्तमान, तिचे बालपण आणि तिने पडद्यावर केलेल्या भूमिका यांची अशी वीण घातली की खरे जगणे कोणते हा प्रश्न शीर्षकातच जाऊन बसला. काळे या जमीनदाराच्या घरात ती जाते तो भाग प्रस्तुत संदर्भात पाहण्याजोगा आहे. अमरीश पुरी यांनाच पुन्हा जमीनदार करून बेनेगल यांनी 'निशांत'चा वाडा 'भूमिका'त आणला. मात्र इथे मारहाण नाही, अपहरण नाही, सर्व काही नीटनेटके आणि प्रेमळ आहे, फक्त उंबरठा ओलांडायची परवानगी नाही. सरंजामी सत्तेचे हे मवाळ रूप अण्णाच्या रूपापेक्षा अधिक ओळखीचे, म्हणून अधिक गुदमरवणारे आहे.

चिं. त्र्यं. खानोलकर यांच्या 'कोंडुरा'ची गोष्ट निराळी. कोकणच्या समुद्राशी आणि श्रद्धेशी जखडलेली ही कादंबरी बेनेगल यांनी १९७८ मध्ये आंध्रातल्या गावात नेली. तिची तेलुगू आवृत्ती 'अनुग्रहम' या नावाने निघाली. परशुरामाला झालेला साक्षात्कार खरा की त्याच्या मनाचा खेळ, हा संशय खानोलकरांच्या गद्यात वातावरणातूनच उत्पन्न होतो. गाव बदलताच जमीनदार भैरवमूर्तीची गोष्ट पुढे सरकली, साक्षात्कार मागे पडला. बेनेगल यांच्या प्रतिभेचा कल समाजाकडे आहे, गूढाकडे नाही. जिथे कथेला गूढाची गरज होती तिथे ते हात आखडता घेतात.

'मंडी' (१९८३) या गुलाम अब्बास यांच्या 'आनंदी' कथेवरच्या चित्रपटात हैदराबाद पुन्हा आले, गजबजून आणि हसत आले. 'सुस्मन'मध्ये (१९८७) पोचमपल्लीचे विणकर आले, मात्र हातमागाविषयीची कळकळ कथेला जड झाली. दरम्यान दूरदर्शनसाठी 'यात्रा' आणि १९८८ पासून 'भारत एक खोज'चे ५३ भाग. दूरचित्रवाणीच्या या कामाकडे चित्रपटसमीक्षा सहसा तळटीप म्हणून पाहते. वस्तुतः नांदेड-लातूरसारख्या ठिकाणी बेनेगल हे नाव घरोघर पोचले ते 'निशांत'मुळे नव्हे. समांतर चित्रपट तालुक्याच्या थिएटरात क्वचितच लागत असे. ते पोचले रविवारच्या सकाळी, दूरदर्शनच्या पडद्यावरून. त्या मालिकेतले सदाशिव अमरापूरकर यांचे महात्मा फुले पाहताना, 'निशांत'ने न विचारलेला प्रश्न दिग्दर्शकाने तेरा-चौदा वर्षांनी राष्ट्रीय व्यासपीठावर विचारला हे लक्षात येते. २०१४ मध्ये राज्यसभा टीव्हीसाठी केलेल्या 'संविधान'च्या दहा भागांत सचिन खेडेकर यांचे आंबेडकर मध्यभागी आहेत. नाट्य म्हणून ही मालिका 'खोज'इतकी सैल आणि रसरशीत नाही. सभागृहातली भाषणे भाषणेच राहतात.

मराठीची स्वतःची बाजूही इथे तपासली पाहिजे. बी. रघुनाथ यांच्या 'आडगावचे चौधरी'पासून निजामी मुलखातील जमीनदारी घर मराठी कादंबरीला परिचित आहे; नांदेडच्या नरहर कुरुंदकर यांनी हैदराबादच्या मुक्तिलढ्याची वैचारिक चिकित्सा केली; अनंत भालेराव यांनी त्या लढ्याचा इतिहास लिहिला; दत्ता भगत यांनी 'वाटा पळवाटा'मध्ये दलित चळवळीच्या पिढ्यांमधला संवाद रंगभूमीवर आणला. सामग्रीची उणीव नव्हती. तरीही त्या मुलखाला पडद्यावर चेहरा मिळाला तो कोकणी घरात जन्मलेल्या, हिंदीत चित्रपट करणाऱ्या एका हैदराबादी माणसाकडून. मराठी चित्रपटाला कोल्हापूरचा पाटील आणि सातारचा तमासगीर जितका जवळचा होता तितका बिलोलीचा देशमुख कधी झाला नाही. 'निशांत'मधल्या उणिवांवर बोट ठेवताना हे ध्यानात ठेवावे लागते की तुलनेला मराठीतून दुसरा 'निशांत' काढून दाखवता येत नाही.

बेनेगल यांचे २३ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईत निधन झाले. उत्तरकाळातील त्यांचा 'वेल डन अब्बा' (२००९) पुरेसा गांभीर्याने घेतला गेला नाही, कदाचित तो विनोदी असल्यामुळे. मुंबईत मोटार चालवणारा अरमान अली आंध्रातल्या आपल्या गावी परततो, दारिद्र्यरेषेखालचा खोटा दाखला काढून सरकारी विहीर मंजूर करून घेतो. प्रत्येक टेबलावर वाटा देता देता अनुदान संपते आणि कागदावर विहीर बांधून पुरी होते, पाण्यासकट. मग बाप-लेक पोलिसांत तक्रार देतात की विहीर चोरीला गेली. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून आलेल्या रेल्वेच्या टाक्यांचे पाणी प्यायलेल्या लातुरात या विनोदावर कसे हसायचे ते समजावून सांगावे लागत नाही. वाडा आता कुठेच दिसत नाही. अण्णाच्या जागी इंजिनिअर, तहसीलदार, फोटोग्राफर, सरपंच अशी लांब ओळ आहे, आणि त्यातला कोणीही एकटा दुष्ट नाही. बोली तीच, 'अंकुर'मधली. मेहमूदने जिचा हशा केला आणि लक्ष्मीने जिच्यात शिव्याशाप दिले त्याच दखनीत अरमान अली ठाणेदाराला आपली हरवलेली विहीर किती फूट खोल होती ते सांगतो.